गोधडी क्र. 4 : 23 फेरे पूर्ण

माप 140 × 200 सेंमी. तळाला एक जुनी सुती साडी, आत तीन थर (दोन लुगड्याचे, एक धोतराचा), वर तुकडे. धावदोरा, टाका साधारण 6 मिमीचा, दोन फेऱ्यांमध्ये दीड सेंमी. बाहेरच्या कडेने सुरुवात, फेरे आत आत.

गोधडीची नोंद शिवायच्या आधीच करावी लागते, कारण कडा बंद झाल्या की आतलं काही दिसत नाही. आठ-दहा वर्षांनी वरचा कपडा विरला, ठिगळ लावायची वेळ आली, की आत नेमकं काय आहे ते वहीच सांगते. म्हणून प्रत्येक थराचा तीन बोटांचा तुकडा पानावर टाचायचा. त्याच्याखाली कपडा कुठला, किती धुतलेला, रंग सोडतो का, हे लिहायचं. रंग पाहायला पांढरं फडकं ओलं करून त्यावर गरम इस्त्रीने दाबायचा. लाल आणि काळा कपडा या परीक्षेशिवाय आत घेऊच नये.

आटण्याची नोंदही तशीच. वरच्या तुकड्यांतल्या कोऱ्या सुती कापडावर 20 सेंमीचा चौकोन आखून धुतला, 19.2 भरला. म्हणजे 4 टक्के. न धुता वापरलं असतं तर 200 सेंमीच्या लांबीत 8 सेंमी आटलं असतं आणि पहिल्याच धुण्यात वरची बाजू सुरकुतली असती. कोऱ्या कापडाची खळही धुऊनच जाते, नाहीतर सुई अडते.

आतले थर जोडून शिवलेले नाहीत, नुसते चार बोटं एकमेकांवर चढवलेत. हे जोड एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. तिन्ही एका रेघेत आले की तिथे पाचाऐवजी आठ थर होतात, कडक वळ उठतो आणि सुई मोडते. इथे प्रत्येक जोड आधीच्यापासून वीतभर सरकवलाय. पानावर तिन्ही जोडांच्या रेघा काढून ठेवल्यात. लुगड्याचे काठही आधीच कापून बाजूला ठेवले.

दोऱ्याचा हिशोब सोपा आहे: लांबी गुणिले रुंदी, भागिले फेऱ्यांमधलं अंतर. 28,000 ÷ 1.5, म्हणजे 187 मीटर शिवण. थरांतून वरखाली होण्यात पाव हिस्सा जास्त जातो, 233 मीटर. सत्तर सेंमीच्या दोऱ्यातले दहा गाठीत आणि टोकात जातात, ते धरून 270 च्या आसपास. दुहेरी दोरा घेतला तर दुप्पट. एका वेळी दोरा सत्तर सेंमीहून लांब घेऊ नये. प्रत्येक टाक्याला तो कापडातून घासत जातो, नेढ्यापाशी पिंजतो आणि गुंतून गाठी पडतात. घेण्याआधी मेणावरून एकदा ओढला की बराच फरक पडतो.

17व्या फेऱ्याला मध्यभागी दोन बोटं फुगा आला. फेरे आत जातात तसा सैल कपडाही आत ढकलला जातो. दोरा ताणून ओढला की आणखीच. उपाय म्हणून 15 ते 17 हे तीन फेरे उसवले, मधोमधून बाहेर हाताने कपडा सारला, पंजाभर अंतरावर आडवे-उभे कच्चे टाके घातले आणि मग पुन्हा शिवले. खरं तर कच्चे टाके सुरुवातीलाच घालायला हवे होते. शिवताना ते आधी काढायचे नाहीत, फेरा जवळ येईल तसे एकेक. आणि गोधडी जमिनीवर पसरलेलीच ठेवायची. मांडीवर घेतली की तळाचा थर सरकतो.

एकूण फेरे 46 होतील. 23 म्हणजे निम्मे, पण काम निम्मं नाही. पहिला फेरा 6.8 मीटरचा, पुढचा प्रत्येक 12 सेंमीने लहान. आता 71 × 131 सेंमी उरलंय, म्हणजे एकूण क्षेत्राचा एक तृतीयांश. म्हणून वहीत दिवस लिहिण्यापेक्षा फेऱ्याचा आकडा आणि त्याला लागलेला वेळ लिहिणं जास्त कामाचं. त्यावरून उरलेल्या कामाचा अंदाज येतो. वजनही लिहावं: शिवण्याआधी सगळे थर मिळून 1.4 किलो.

शेवटी मध्यभागी साधारण 60 सेंमीची एक सरळ रेघ उरेल आणि राहिलेला सैल कपडा तिथेच जमेल. त्यासाठी मधली 10 × 70 सेंमीची पट्टी अजून लावलेली नाही. सैल कपड्याची एक चुणी घेऊन ती हाताने सपाट करायची आणि ही पट्टी वरून शिवायची.