विसाव्या ओळीला थांबलेली यादी

दुपारी जागेवर येऊन बसतो तोच टेस्टिंगवाल्या मैत्रिणीचा मेसेज: "अरे, ग्राहकांची यादी वीसवरच थांबतेय. डेटाबेसमध्ये तर तीनशेच्या वर आहेत." कन्सोलमध्ये एरर नाही, सर्व्हरच्या लॉगमध्ये काही नाही, बिल्ड हिरवंगार. असला मुका बग नको वाटतो. त्यापेक्षा बोंबलणारा परवडला.

आमच्याकडे एपीआयला (सर्व्हरकडून डेटा मागायच्या सोयीला) कॉल करणारा टाइपस्क्रिप्ट कोड कोणी हाताने लिहीत नाही. स्कीमाची (एपीआयच्या आराखड्याची) जेसन फाइल टेम्प्लेटमध्ये, म्हणजे जागा मोकळ्या सोडलेल्या कोडच्या साच्यात, ओतली की शंभरेक फाइली बाहेर पडतात. ही टेम्प्लेटं त्याच आठवड्यात मी लोडॅशवरून ईजेएसवर (दोन्ही टेम्प्लेट भरून देणाऱ्या लायब्ररी) आणली होती, कारण ईजेएसमध्ये एका टेम्प्लेटमध्ये दुसरं इन्क्लूड करता येतं.

नेटवर्क टॅब उघडला. यूआरएलच्या शेवटी पेज=1, मग अँपरसँड (दोन पॅरामीटर जोडणारं चिन्ह), आणि लिमिट=50 च्या आधी चिकटलेलं एक आगाऊ 'एएमपी;'. म्हणजे सर्व्हरला 'लिमिट' मिळतच नव्हतं, मिळत होतं 'एएमपी;लिमिट'. त्याने ते मुकाट्याने सोडून दिलं आणि डीफॉल्टप्रमाणे 20 नोंदी पाठवल्या. इकडे आमच्या लूपचा हिशेब असा, की 50 पेक्षा कमी आल्या म्हणजे शेवटचं पान. थांबला. दोघंही आपापल्या जागी बरोबर!

घोळ चिन्हांचा होता. लोडॅशमध्ये <%= म्हणजे आहे तसं छाप, आणि <%- म्हणजे एचटीएमएलसाठी एस्केप करून (अँपरसँडसारखी खास चिन्हं सांकेतिक रूपात बदलून; अँपरसँडपुढे 'एएमपी;' येतं ते असं) छाप. ईजेएसमध्ये नेमकं उलटं. हे मला ठाऊक होतं, सगळ्या फाइलींत बदलूनही झालं होतं. एखादं राहिलंच तर जेनेरिक टाइपचे कोनी कंस (तेही एस्केप होतात) बिघडतील आणि कंपायलर अडवेल, या भरवशावर मी निवांत. पण दुसऱ्या ब्रँचवरून (कोडच्या समांतर प्रतीवरून) एक फाइल जुन्या चिन्हांसकट मर्ज झाली. फाइल नवी, त्यामुळे कॉन्फ्लिक्टही नाही. आणि तिच्यातली व्हॅल्यू बसत होती थेट अवतरणचिन्हांच्या आत. स्ट्रिंगमध्ये काय लिहिलंय याच्याशी कंपायलरला काय देणंघेणं? कोडची मांडणी करणाऱ्या प्रिटियर या टूलनेही इमानेइतबारे तो कोड नीट मांडून दिला.

स्नॅपशॉट टेस्ट (नवं आउटपुट आधीच्याशी ताडून पाहणारी) होती की. फेलही झाली होती. इंजिन बदललंय, रिकाम्या ओळी इकडच्या तिकडे झाल्या असतील, असं म्हणून मीच अपडेट मारला, म्हणजे नवं आउटपुटच बरोबर ठरवलं. हजारो ओळींचा डिफ (बदलांची यादी), वाचतो कोण?

एक चिन्ह बदललं असतं तर मिनिटात सुटलं असतं. पण पुढच्या महिन्यात पुन्हा कोणीतरी तेच करणार (बहुधा मीच). म्हणून ईजेएसच्या एस्केप ऑप्शनला आमचं फंक्शन दिलं: <%= आलं की व्हॅल्यू जेसन.स्ट्रिंगिफायमधून जाते आणि अवतरणांसकट तयार स्ट्रिंग बाहेर पडते. एचटीएमएलचं एस्केपिंग वेब पानासाठी. आमचं आउटपुट कोड आहे, त्याला स्वतःचे नियम. आता जुन्या सवयीने कोणी भोवती अवतरणं टाकलीच, तर ती दुहेरी होऊन बिल्ड जागीच फुटतं. मजकुरात अवतरणचिन्ह आलं की कोड मोडायचा, त्यासाठी ठिकठिकाणी चिकटवलेले रिप्लेसही उपटून टाकले.

संध्याकाळी तिला नवा बिल्ड दिला. पाच मिनिटांत मेसेज: "तीनशे बारा आले. पण आता स्क्रोल अडकतोय."