केदारकंठा, एप्रिलचा पहिला आठवडा: बर्फ कुठे, कसा आणि किती वाजेपर्यंत

केदारकंठा हे उत्तराखंडातलं ट्रेकचं शिखर. पायथ्याच्या सांकरी गावातून (सुमारे 1,900 मी.) निघाल्यावर बराच वेळ वाट उघडीच आहे, फक्त जागोजागी चिखल. सलग बर्फ लागतो तो जुडा का तालाब या तळ्याच्या (सुमारे 2,800 मी.) आसपास, झाडांच्या सावलीत. त्याच्यावर शिखरापर्यंत (3,810 मी.) सगळं पांढरं.

जंगलातला बर्फ सोपा दिसतो, पण पाय मुरगळतात ते इथेच. हिवाळाभर बुटांनी दाबलेला मधला पट्टा उशिरा वितळतो, बाजूचा मऊ बर्फ आधी खचतो. मग वाटेच्या मधोमध शेताच्या बांधासारखी फूट-दीड फूट रुंद, काचेसारखी गुळगुळीत पट्टी उरते. तिच्यावरून पाय सटकला की थेट गुडघाभर आत. मायक्रोस्पाइक्स (बुटांवर ताणून बसवायचं रबर, खाली साखळ्या आणि लोखंडी दात) पहिल्या सलग बर्फालाच चढवा, घसरायला लागल्यावर नाही. भाड्याचे असतील तर स्वतःच्या बुटांवर ताणून बघा आणि साखळीची प्रत्येक कडी तपासा. सैल रबर उतारावर हमखास निसटतं. दुपारी ओला बर्फ दातांखाली गोळा होऊन चिकटतो आणि दात टेकतच नाहीत. दर काही पावलांनी काठीने बुटाच्या कडेवर ठोका.

वसंतात अंतरापेक्षा घड्याळ महत्त्वाचं. निरभ्र रात्री बर्फातली उष्णता आकाशात निघून जाते आणि पृष्ठभाग टणक गोठतो. ढगाळ रात्री ही उष्णता अडते, मग पहाटेची हवा गार लागली तरी बर्फ आतून भुसभुशीतच राहतो. म्हणून बेस कॅम्पवरून (सुमारे 3,400 मी.) निघताना टाच जोरात मारून बघा. नुसता ठसा उमटला तर निघा. घोट्याच्या वर पाय रुतत असेल तर त्या दिवशी शिखर सोडा, कारण ऊन आल्यावर हेच मांडीपर्यंत जाणार आहे. पहाटे तीनला निघालात तर सूर्योदयाच्या सुमारास माथा होतो. वर स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ ही शिखरं समोर असतात, पाय निघत नाही. तरी साडेसातला उतरायला लागा. नऊच्या पुढे तीव्र उतार रेंगाळण्याची जागा नाही.

ऊन लागलेल्या उतारावरून बर्फाचे छोटे गोळे आपसूक घरंगळायला लागले, तर वरचा थर पाण्याने जड होऊन सुटू लागलाय असं समजा. त्या उताराखालून जाऊ नका, धारेवरून वाट काढा.

शेवटचा चढ पहाटे कडक असतो. बुटाचं टोक दोनदा मारून पायरी करा आणि वजन सावकाश टाका. मायक्रोस्पाइक्स मध्यम उतारापुरतेच. त्याहून तीव्र, टणक बर्फावर क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लांब, कडक दात) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) लागते, तीही वापरता येत असेल तरच उपयोगाची. उतरताना बसून घसरायचा मोह होतो. पायात दात असताना ते अजिबात करू नका: एक दात अडकला की घोटा मोडतो. खाली खडक किंवा झाडं दिसत असतील तर दात काढूनही नको.

झाडांच्या बुंध्यांपासून आणि उघड्या खडकांपासून चार-पाच फूट लांब चाला. ते ऊन शोषतात, भोवतालचा बर्फ आतून पोकळ होतो आणि वरून कळत नाही. ओढ्यावरच्या बर्फाचंही तसंच. खालून पाण्याचा आवाज स्पष्ट येत असेल तर काठीने टोचत, एकेकाने, शक्यतो सकाळीच ओलांडा.

गेटर्स (बुटाच्या तोंडापासून पोटरीपर्यंत बांधायचं आवरण) हवेतच, नाहीतर बुटात शिरलेला बर्फ वितळून मोजे ओले आणि पुढे बोटं बधिर. कडेने बंद गॉगल ढगाळ हवेतही काढू नका. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेलाही लावा, कारण बर्फावरून ऊन खालूनही भाजतं. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा. बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. पोकळ तंतूंचा पाण्याचा फिल्टर असेल तर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, एकदा गोठला की निकामी.

जुडा का तालाब अजून गोठलेला दिसला तरी फोटोसाठी त्यावर पाऊल टाकू नका. या दिवसांत थर काठाकडून आधी सुटतो, आणि पहिलं पाऊल तिथेच पडतं.