बॉइन पाहाच, पण ऑख्रिमलाही जाऊन या

जूनमध्ये बाबा नाशिकहून डब्लिनला आले. सोबतच्या वहीत बघायच्या जागांची यादी होती आणि पहिलं नाव बॉइनचं होतं, बॉइन नदीकाठच्या लढाईच्या जागेचं. बाबांनी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. "दोन राजे, एक नदी, १ जुलै १६९०. ती जागा दाखव मला," म्हणाले. मी इथे सहा वर्षं राहते, पण बॉइनजवळच्या ड्रॉहडावरून गाडी कितीदा गेली तरी कधी उतरले नव्हते. या वेळी बॉइन पाहिलंच, शिवाय बाबांच्या एका प्रश्नामुळे पुढच्या शनिवारी त्याच युद्धाच्या दुसऱ्या रणांगणावर, ऑख्रिमलाही गेलो. आयर्लंडचं नशीब जिथे ठरलं ती जागा माझ्या मते ऑख्रिम आहे, म्हणून हे लिहायला बसले.

जाण्याआधी एवढं माहीत असू द्या. इंग्लंडचा कॅथलिक राजा दुसरा जेम्स १६८८मध्ये गादीवरून गेला आणि त्याची प्रोटेस्टंट मुलगी मेरी व डच प्रोटेस्टंट जावई विल्यम तिथे बसले. फ्रान्सच्या चौदाव्या लुईची मदत घेऊन जेम्स १६८९च्या मार्चमध्ये आयर्लंडला उतरला. इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या काळात गेलेल्या जमिनी परत मिळतील या आशेने आयरिश कॅथलिक त्याच्या मागे उभे राहिले, आणि त्यांच्याशी लढायला विल्यम फौज घेऊन आला. मुळात हे भांडण धर्माइतकंच जमिनीचं होतं.

बॉइनला जाणं सोपं आहे. डब्लिनच्या कॉनली स्टेशनवरून ड्रॉहडाची गाडी पकडा, पाऊण तासात पोचता. तिथून नदीकाठाने ओल्डब्रिजच्या रणांगणापर्यंत चालायला आणि सायकलला छान वाट आहे, साधारण तासाभराची. ओल्डब्रिज हाउसमध्ये सरकारी माहिती केंद्र आहे. लढाईची प्रतिकृती आधी नीट बघून घ्या, नाहीतर बाहेर नुसतं हिरवं कुरण दिसेल. केंद्राला तिकीट आहे, मैदानातल्या पायवाटा मोकळ्या आहेत. चहा-खाणं तिथेच मिळतं.

नदी ओहोटीच्या वेळी बघा. समुद्र जवळ असल्याने इथपर्यंत पाणी चढतं-उतरतं, आणि विल्यमच्या डच पायदळाने सकाळी ओहोटी लागल्यावरच पात्र ओलांडलं. भरतीला काठावर उभं राहिलात तर बंदूक घेऊन माणसं इथून गेली कशी, तेच कळत नाही. आम्ही आधी भरतीला पोचलो. बाबा काठावरच्या दगडावर बसून राहिले, आणि दोन तासांत काठाचा काळा चिखल हातभर रुंद उघडा पडला. मग म्हणाले, "हां, आता जमतंय."

विल्यमकडे सुमारे ३६,००० माणसं होती, जेम्सकडे २५,०००च्या आसपास. विल्यमने एक तृतीयांश फौज नदीच्या वरच्या अंगाला, रोझनारीला जिथून पात्र ओलांडता येतं तिकडे पाठवली. जेम्सला वाटलं मुख्य हल्ला तिकडूनच येणार, म्हणून त्याने आपली अर्ध्याहून जास्त फौज तिकडे वळवली. तिथे दोन्ही सैन्यांमध्ये दलदलीची खोल घळ होती. एकमेकांकडे बघत ती उभी राहिली आणि ओल्डब्रिजला बचाव विरळ पडला. विल्यमचा म्हातारा सेनापती शॉम्बर्ग इथेच पडला. एवढ्या मोठ्या फौजा भिडूनही मृत्यू सुमारे दीड हजार. जेम्स त्याच रात्री डब्लिनला पळाला आणि काही दिवसांत फ्रान्सला गेला.

पलीकडच्या काठावर, लोखंडी जाळीच्या पुलाजवळ, १७३६च्या विजयस्तंभाचा बुंधा आहे. स्तंभ १९२३मध्ये सुरुंग लावून उडवला. तो बुंधा चुकवू नका. तिथेच बाबांनी प्रश्न विचारला, "राजा पळाला, पण फौज तर शाबूत माघारी गेली. मग निकाल लागला कुठे?"

निकाल लागला वर्षाने, १२ जुलै १६९१ला, गॉलवे परगण्यात ऑख्रिमला.

उत्तर आयर्लंडमध्ये आज १२ जुलैला मिरवणुका निघतात त्या बॉइनच्या नावाने. सुरुवातीला मात्र हा दिवस ऑख्रिमचा होता. १७५२मध्ये पंचांग बदललं, अकरा दिवस पुढे सरकले आणि जुन्या १ जुलैची बॉइन १२ तारखेला आली. १७९५मध्ये ऑरेंज ऑर्डर ही प्रोटेस्टंटांची संघटना स्थापन झाली, तिने बॉइनच उचलून धरलं. मिरवणूक बघायला बेलफास्टला जायचं असेल तर भारतीय पासपोर्टवाल्यांनी लक्षात ठेवा: सीमेवर कुणी अडवत नाही, पण आयर्लंडचा साधा व्हिसा तिथे चालत नाही. ब्रिटनचा व्हिसा हवा किंवा दोन्ही देशांच्या संयुक्त योजनेचा शिक्का हवा. त्या दिवशी तिथे सुट्टी असते, रस्ते बंद असतात.

ऑख्रिमला गाडी असेल तर बरं. डब्लिनहून दोन तास, वाटेत टोल आहे. रेल्वेने बॅलिनस्लोपर्यंत जाता येतं, तिथून टॅक्सी. जेवण वाटेत ॲथलोनला उरकून घ्या. शॅनन नदीवरच्या या गावात, ऑख्रिमच्या थोडं आधी, विल्यमच्या फौजेला रोखायला आयरिश बाजूच्या सार्जंट कस्ट्यूम आणि त्याच्या मूठभर साथीदारांनी गोळीबारात पुलाच्या फळ्या उखडून टाकल्या होत्या. तरी गाव पडलं, आणि आयरिश बाजूचा फ्रेंच सेनापती सेंट रूथ मागे सरून ऑख्रिमच्या टेकडीवर ठाण मांडून बसला.

आयरिशमध्ये या नावाचा अर्थ घोड्याचा कणा, आणि किलकोमाडनची लांबट टेकडी खरंच तशी दिसते. पायथ्याला दलदल. दोन्हीकडे वीस-वीस हजारांच्या आसपास फौज. संध्याकाळी पाचच्या सुमाराला लढाई पेटली. विल्यमचा सेनापती गिंकेल याचं पायदळ दलदलीतून वर चढायचं आणि पुन्हा खाली ढकललं जायचं. आयरिश बाजू जिंकत होती, हे विसरू नका. मग गिंकेलच्या स्वारांनी किल्ल्याजवळच्या अरुंद बांधावरून घुसायला सुरुवात केली. ते रोखायला किल्ल्यातल्या आयरिश तुकडीकडे गोळ्या होत्या, पण त्या बंदुकीच्या नळीपेक्षा मोठ्या मापाच्या निघाल्या असं सांगतात. माणसांनी अंगरख्याची बटणं तोडून नळीत भरली. घुसणाऱ्या स्वारांना हाकलायला सेंट रूथ स्वतः घोड्यावर निघाला आणि तोफगोळ्याने त्याचं डोकं उडवलं. पुढचा बेत त्याने सार्सफील्डला, आपल्या दुय्यम सेनापतीला, सांगितला नव्हता. घोडदळ मागे फिरलं आणि टेकडीवरचं पायदळ अंधार पडेपर्यंत कापलं गेलं. दोन्हीकडचे मिळून सात हजारांच्या घरात गेले. आयरिशमध्ये या जागेला 'कत्तलीचं ऑख्रिम' म्हणतात. आपल्याकडे पानिपत म्हटल्यावर जसं पोटात होतं तसंच.

गावातल्या छोट्या केंद्रात शिशाच्या गोळ्या आहेत, जांभळाएवढ्या. गावच्या शिक्षकाने जमवलेल्या वस्तूंवर हे केंद्र उभं राहिलं, हे कळल्यावर बाबा त्या कपाटापाशी खूप वेळ थांबले. केंद्र फक्त उन्हाळ्यात उघडं असतं, फोन करूनच निघा.

तीन महिन्यांत लिमरिकला तह झाला. सार्सफील्डबरोबर सुमारे १४,००० सैनिक फ्रान्सला गेले. तहात कॅथलिकांना दिलेलं अभय डब्लिनच्या पार्लमेंटने पाळलं नाही. १६९५पासून कायदे येत गेले: शस्त्र बाळगायचं नाही, पाच पौंडांहून महाग घोडा ठेवायचा नाही. १७०४चा कायदा मी बाबांना टेकडीवरच्या दगडी कुंपणाला टेकून समजावला. कॅथलिक बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटायची, पण थोरला प्रोटेस्टंट झाला तर जमिनीवर हक्क त्याचा.

बाबा शेतकऱ्याच्या घरातले, पाच भावांमधले. "वाटण्यांनी तीन पिढ्यांत काय उरतं ते मी बघितलंय," म्हणाले. "आणि इथे वर भावाला भावावर घातलं."

१६४१मध्ये कॅथलिकांकडे देशातली ५९ टक्के जमीन होती, १६८८मध्ये २२, आणि १७०३मध्ये १४. त्यांना पार्लमेंटमध्ये बसता आलं ते १८२९मध्ये.

टेकडीवरची शेतं खासगी आहेत. फलक आहेत तिथूनच चाला, फाटक जसं सापडेल तसं ठेवा, आणि पाऊस नसला तरी गमबूट न्या. परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर वापरणं गुन्हा आहे. आणि सकाळी जाऊ नका, संध्याकाळी जा. जून-जुलैत दहापर्यंत उजेड असतो. आम्ही पाचला वर चढलो आणि लढाई चालली तेवढा वेळ तिथेच राहिलो. पावणेदहाला उतरलो तेव्हाही बांधाकडची लव्हाळी एक-एक दिसत होती.