हिरड्याच्या बनातलं मंदिर

दक्षिण चीनमधल्या ग्वांगझो शहरात गेले ती कामासाठी. शेवटची सकाळ मात्र मी तिथल्या ग्वांगश्याव या बौद्ध मंदिरासाठी राखून ठेवली होती. मेट्रोने शीमनखौला उतरून ग्वांगश्याव रोडला लागलं की दोन्ही बाजूंना उदबत्त्या आणि मूर्तींची दुकानं लागतात. मधूनच स्कूटर अंगावरून जातात. 'शहर वसायच्या आधीपासून ग्वांगश्याव आहे,' असं इथले लोक सांगतात.

दाराच्या आत आलं की वडाची दाट सावली आणि धूर. कपाळाशी तीन उदबत्त्या धरून एक आजीबाई चारही दिशांना वाकत होत्या. मंदिरामागे बोधिवृक्ष आहे. इसवी सन 676 मध्ये हुइनंगचं मुंडण अशाच झाडाखाली झालं. लाकडं विकून पोट भरणारा हा माणूस पुढे झेन परंपरेचा सहावा आचार्य झाला. त्याचे केस पुरले त्या जागी आठ बाजूंचा, सात मजली, विटांचा छोटा मनोरा आहे. उज्जैनचा बौद्ध भिक्षू परमार्थ 546 मध्ये चीनला आला. त्यानेही इथे बसून संस्कृत ग्रंथ चिनीत आणले.

पण मी खरी थबकले ती एका साध्या झाडापाशी. या जागेचं जुनं नाव 'हलिन', म्हणजे हिरड्यांचं बन. हरीतकी म्हणजे संस्कृतातला हिरडा; त्याचं चिनीत 'हलिल' झालं, त्यातला हा 'ह'. एका जुन्या नोंदीत म्हटलंय की बुद्धमंदिरासमोर हिरड्याची चाळीस-पन्नास झाडं होती. त्यांची मुळं विहिरीत उतरलेली, म्हणून तिचं पाणी खारट लागत नसे. त्याच ताज्या पाण्यात हिरडे आणि ज्येष्ठमध उकळून भिक्षू पाहुण्यांना काढा देत.

हिरडा आणि ज्येष्ठमध! आमच्या घरी बाळगुटीच्या डब्यात दोन्ही शेजारी असायचे. सहाणेवर आजी हिरड्याचे मोजून वेढे द्यायची.

हिरड्याचं आता इथे एक म्हातारं झाड आहे. खाली पडलेलं पान उचलून पाहिलं, तर देठाच्या टोकाशी दोन बारीक गाठी. सह्याद्रीत हिरडा ओळखायची खूण म्हणून बाबांनी हेच दाखवलं होतं. मला एकदम भरूनच आलं. कितीतरी वेळ खोडाला हात लावून उभी राहिले.

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "झाडाला नमस्कार केलास ना गं?"

केला होता.