बाल्टिक : एकाच समुद्राच्या दोन तऱ्हा

फिनलंडमधलं वासा हे शहर 1606 साली बंदर म्हणून वसवलं गेलं. आज तुम्ही जुन्या वासात गेलात तर समुद्र दिसत नाही. चर्चचे पडके अवशेष दिसतात, मोठाली झाडं दिसतात, शांत घरं दिसतात. 1852 च्या आगीत गाव जळालं आणि पुन्हा बांधायची वेळ आली तेव्हा लोकांनी जुनी जागा सोडली. सुमारे सात किलोमीटर वायव्येला, पाण्यालगत, 1862 मध्ये नवं शहर उभं राहिलं. जुन्या बंदरात जहाजं लागेनाशी झालीच होती. समुद्र निघून गेला होता, आग हे निमित्त.

माझा भाचा स्वीडनला उमेओत शिकतो. तिथून बोटीने चारेक तासांत वासा. मधला समुद्र म्हणजे क्वार्केन, बाल्टिकच्या उत्तरेकडच्या बॉथनिया आखाताचा चिंचोळा, उथळ गळा. उतरल्यावर रेप्लोटचा लांबच लांब पूल ओलांडून आम्ही ब्यॉर्कब्यू बेटावरच्या स्वेदयेहाम्नला गेलो. तिथे साल्टकारेट नावाचा लाकडी मनोरा आहे. वरून पाहिलं तर पाण्यात आणि पाण्याबाहेर दगडगोट्यांचे लांबट बांध, एकाला एक समांतर, शेतातल्या सऱ्या-वरंब्यांसारखे. हिमनदी मागे सरकताना टाकून गेलेला हा राडा. दर वर्षी त्यातला थोडा आणखी उघडा पडतो.

ते समजायला मनोऱ्याची गरज नाही, खालच्या बोटींच्या खोपटांकडे नीट बघितलं तरी पुरतं. लाल रंगाची, लाकडी. त्यातल्या एकाचं दार समुद्राच्या दिशेला, पण दारासमोर गवत. गवतात चर खणलेला, त्यात वीतभर हिरवट पाणी आणि चराच्या तोंडाशी दगडात ठोकलेली गंजकी लोखंडी कडी. बोट बांधायची कडी! तिथे डागडुजी करणाऱ्या एका आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "वडिलांच्या वेळी बोट थेट आत यायची. मग आम्ही चर खणला. मग पुन्हा खणला. आता खोपटंच पुढे न्यायचं."

जमीन इथे वर्षाला साधारण 8-9 मिलिमीटर उचलली जाते. ऐकायला काहीच नाही. पण पंचाहत्तर वर्षांचा हिशोब करा, साठ सेंटिमीटरच्या पुढे जातो. बारशाच्या वेळी जिथे गुडघ्याच्या वर पाणी होतं तिथे म्हातारपणी खुर्ची टाकून बसता येतं. भाचा म्हणाला, "मामा, इथे प्लॉट घेऊन ठेव, आपोआप वाढतो." तसं नसतं. नवी जमीन काठावरच्या घरमालकाची होत नाही. ती पाण्याची मालकी ज्यांची, म्हणजे बहुतेक ठिकाणी गावातल्या खातेदारांची सामाईक. सातबाऱ्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या पाहिलेल्या माणसाला हा प्रकार ऐकून जरा हेवाच वाटतो.

कारण जुनं आहे. हिमयुगात या भागावर जवळपास तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्या भाराने जमीन खाली दबली. बर्फ जाऊन दहा हजार वर्षं झाली, तरी ती अजून वर येते आहे. समोर स्वीडनच्या 'उंच किनाऱ्या'वर तर जुनी किनाऱ्याची रेघ आज समुद्रापासून 286 मीटर उंचीवर सापडते. आपल्याकडे परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला. इथे कुणी बाण मारला नाही, पण कोकणी माणसाला ही गोष्ट पटकन कळते.

इथल्या लोकांना मात्र बराच काळ वाटायचं की पाणीच कमी होतंय. तापमानाच्या अंशांमुळे आपल्याला माहीत असलेला आंडर्स सेल्सियस याच विचाराचा. शिकारी लोकांना कुठल्या खडकावर सील येऊन पडतात हे पक्कं माहीत असे, अशा खडकांना किंमत असे, म्हणून त्यांच्या जुन्या नोंदी होत्या. काही खडक इतके उंच झाले की सीलना वर चढता येईना. सेल्सियसने त्यावरून गणित मांडलं आणि 1731 मध्ये येव्ले शहराजवळच्या लोव्हग्रुंड बेटावर पाण्याच्या पातळीला खडकात खूण कोरून घेतली. ती खूण आता पाण्यापासून चांगलीच वर आहे. पाणी आटतंय हा त्याचा तर्क चुकला, मोजमाप मात्र उपयोगी पडलं.

जाता जाता मी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. मचूळ. खारं म्हणण्याइतकंही नाही.

पुढचा प्रवास लांब पण सांगण्यासारखा नाही : आगगाडीने स्वीडनच्या दक्षिण टोकाला इस्टाड, रात्रीची बोट, सकाळी पोलंडमधलं श्विनोउइश्च्ये. तिथून पूर्वेकडे बसने त्शेन्साच. इथे त्याच बाल्टिकची दुसरी तऱ्हा.

त्शेन्साचला कड्याच्या अगदी टोकावर विटांची एक भिंत उभी आहे. चर्चची दक्षिणेकडची भिंत, टोकदार कमानींच्या खिडक्यांची रिकामी भोकं, बाकी काही नाही. चर्च बांधलं चौदावं शतक संपता-संपता, तेव्हा समुद्र सुमारे दोन किलोमीटरवर होता. 1750 मध्ये अंतर उरलं 58 मीटर. 1868 मध्ये एक मीटर. 2 ऑगस्ट 1874 रोजी शेवटची प्रार्थना झाली. गाव तेव्हा जर्मन होतं, नाव होफ. चर्च मोकळं करून सोडून दिलं आणि 1901 मध्ये पहिली भिंत खाली गेली. मग एकेक करून बाकीचं. शेवटचा तुकडा 1994 मध्ये कोसळला. उरलेल्या भिंतीखाली आता दगड-काँक्रीटचा आधार दिला आहे, बाजूला लोखंडी सज्जा बांधला आहे, आणि तिथे सेल्फीसाठी रांग असते.

गावात दंतकथा अशी की कोळ्यांच्या जाळ्यात बाल्टिकच्या राजाची मुलगी सापडली. पाद्र्याने तिला बाप्तिस्मा द्यायचं ठरवून डांबून ठेवलं, ती झुरून मेली, तिला चर्चच्या आवारात पुरलं. तेव्हापासून बाप मुलीला न्यायला येतोय.

खाली पुळणीवर उतरून कड्याकडे पाहिलं की बापाला फारसे कष्ट पडत नाहीत हे दिसतं. कडा दहा-पंधरा मीटरचा, पण खडक नाही. हिमनदीने आणून टाकलेली माती, वाळू, गोटे. मी बोट दाबलं तर ओल्या भागात पेरभर आत गेलं. मधल्या थरातून पाणी झिरपत होतं. म्हणजे वरून पाऊस माती ढिली करतो, आतलं पाणी ती सरकवतं आणि वादळात लाटा पायथा कोरतात. बाल्टिकला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, पण वाऱ्याने पाणी ढकललं की उधाण भयंकर. नोव्हेंबर 1872 मध्ये पश्चिम बाल्टिकला पाणी तीन मीटरच्या वर चढलं होतं. पूर्वी हिवाळ्यात काठाला गोठलेला बर्फ लाटा अंगावर घ्यायचा; आता तो कमी धरतो.

म्हणूनच बातम्यांतल्या 'समुद्र इतका वाढला' या एका आकड्यावर माझा फार भरवसा नाही. जगभरचे समुद्र सध्या वर्षाला तीन-चार मिलिमीटर चढतायत. क्वार्केनमध्ये जमीन त्याच्या दुप्पट वेगाने उठते, म्हणून पाणी हटतंच आहे, फक्त जरा सावकाश. पोलंडच्या किनाऱ्याला तसं उचलणारं कुणी नाही. उलट हेही खरं की त्शेन्साचचा कडा सहाशे वर्षं ढासळतोच आहे, कारखान्यांच्या धुराच्या कितीतरी आधीपासून. चढतं पाणी त्याला नव्याने पाडत नाही, आधीच कच्च्या कड्याच्या पायथ्याशी वादळ वारंवार पोचवतं.

तिथून छोटी आगगाडी, मीटर रुंदीच्या रुळांवरची, रेवालवरून न्येहोझेला नेते. तिथे 1866 चं दीपगृह आहे, 45 मीटरचं, कड्यावरच, आणि त्याखाली भक्कम काँक्रीटचा धूपप्रतिबंधक बंधारा. दीपगृह वाचलं. पण कडा ढासळला की त्याचीच वाळू पुढच्या पुळणींना मिळत असते. एक कडा बांधून काढला की शेजारची पुळण उपाशी. मग लाकडी खुंटांच्या रांगा समुद्रात ठोका, तळाची वाळू उपसून किनाऱ्यावर टाका, वादळानंतर पुन्हा टाका. पोलंडने किनारा राखण्यासाठी 2003 मध्ये स्वतंत्र कायदाच केला. आपल्याकडे बंधाऱ्याची मागणी करताना पलीकडच्या वाडीचं काय होईल हे कुणी विचारत नाही. इथे निदान त्यावर वाद तरी चालतो.

जायचं असेल तर : श्चेचिनहून गाडीने ग्रिफित्से, तिथून ही छोटी गाडी. उन्हाळ्यात फेऱ्या जास्त असतात, एरवी वेळापत्रक पाहूनच निघा. कड्याच्या कडेला दोऱ्या बांधलेल्या असतात, त्या ओलांडू नका. आणि जुलै-ऑगस्टमध्ये खोलीचे दर ऐकून घाबरायचं नसेल, तर जूनच्या सुरुवातीला जा.