आज भाचीची ऑडिशन होती

पहाटे डोंबिवलीहून निघालो, ताई, पिल्लू आणि मी, दादरला बदलून अंधेरीला पोचेपर्यंत लाईन गेटच्या बाहेर. चार तास उभं राहून जेमतेम दीड मिनिट गायला मिळालं आणि नाही झालं सिलेक्शन. परतीच्या लोकलमध्ये पोरगी खिडकीकडे तोंड करून गप्प, मला इतकं वाईट वाटलं ना.

मग तिला आपल्या सारेगमप लिटिल चॅम्प्सचं सांगत बसले. २००८-०९ चं ते पर्व, आमच्या घरी तेव्हा जेवणंसुद्धा टीव्हीसमोर व्हायची! जिंकली कार्तिकी गायकवाड, पण म्हणून बाकीचे थांबले का? रोहित राऊत इतक्या वर्षांनी परत स्पर्धेत उतरला, इंडियन आयडलला, आणि २०२० ला फर्स्ट रनरअप झाला, आर्या आंबेकर २०१७ ला सिनेमाची हिरॉईन झाली, मुग्धा वैशंपायन आणि प्रथमेश लघाटे मैफली करतात (लग्नही केलं दोघांनी, किती आनंद झाला होता मला) आणि २०२१ ला हेच पाचही जण त्याच शोमध्ये ज्युरी म्हणून बसले.

मला तर मधल्या वर्षांचं जास्त कौतुक वाटतं. शो संपतो, शाळा सुरू होते, मुलांचा आवाज फुटतो, ज्या पट्टीत टाळ्या मिळाल्या ती पट्टीच राहत नाही, सगळं परत खर्जापासून घासायचं आणि तेव्हा समोर कॅमेरा नसतो, फक्त तानपुरा आणि गुरुजी.

ठाणं गेल्यावर हळूच म्हणाली, मावशी, उद्या क्लासला सोडायला तू येशील?

रजा टाकलीये मी.