सीझरनंतर पेनकिलर आणि अंगावरचं दूध: माझा अनुभव

सीझर होऊन माहेरी लालबागला आले आणि घरात पहिला वाद कसला, तर गोळीचा. टाके इतके ओढायचे की कुशीवर वळायचं म्हटलं तरी जीव जायचा. आणि आत्या येता जाता बजावणार, गोळ्या खाऊ नकोस गं, सगळं दुधातून बाळाच्या पोटात जातं, आम्ही काय गोळ्या खाऊन बाळंतपणं केली का. अगं पण मला धड बसताच येत नाहीये तर मी पाजू कशी, हे कोणी विचारतच नव्हतं!

शेवटी हॉस्पिटलने दिलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन बसले. मागची बारीक अक्षरं दिसेनात, मग मोबाईलवर फोटो काढून झूम केलं. एका गोळीत पॅरासिटामॉल ३२५ आणि ट्रॅमाडॉल ३७.५ मिलीग्रॅम. पॅरासिटामॉल ओळखीचं, हे दुसरं काय म्हणून शोधलं तर अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर लक्ष ठेवणारी तिथली सरकारी संस्था) २०१७ मध्येच सांगून ठेवलंय की पाजणाऱ्या आईने कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही कडक पेनकिलर घेऊ नयेत. काही जणींचं शरीर ही औषधं फार पटकन जास्त कडक रूपात बदलतं, ते दुधात उतरतं आणि बाळ गुंगीत जातं, श्वाससुद्धा मंद होऊ शकतो. आपलं शरीर त्यातलं आहे का हे आपल्याला कसं कळणार?

लगेच बाळाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी बाळाचंच विचारलं, दुधासाठी स्वतःहून उठतो का, नीट ओढतो का, नेहमीपेक्षा जास्त झोपतोय किंवा अंग ढिलं सोडतोय का. तसं काही नव्हतं, हुश्श झालं. मग गायनॅक मॅडमशी बोलले, त्यांनी कुरकुर न करता ती गोळी बंद करून साधी पॅरासिटामॉल आणि जेवणानंतर आयब्युप्रोफेन दिली. आयब्युप्रोफेन दुधात अगदी नावापुरती उतरते आणि पॅरासिटामॉल तर ताप आला की तान्ह्या बाळांनाही देतात, हे मॅडमनी फोन स्पीकरवर असताना सांगितलं हे बरं झालं, आत्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. (तरी तोंड वाकडंच.)

दोन गोष्टी त्यांनी बजावल्या. ॲस्पिरिन मनाने घ्यायची नाही. आणि सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे सगळं मिळून हिशोब ठेवायचा, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही.

गोळी लागू पडल्यावर मी उशी मांडीवर घेऊन पहिल्यांदा नीट बसून पाजलं. आता सर्दीची गोळी आणायला भाऊ खाली केमिस्टकडे गेला तरी त्याला आधी पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवायला लावते, तो वैतागतो, वैतागू दे.